पेशंटच्या बाजूची खुर्ची

घाटंजीच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे आमच्या बंजारा तांड्यावरची जितकी माणसं गेली, त्यातली निम्मी माझ्या मोठ्या काकाच्या तोंडून बोलली, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यानं बोलूच दिलं नाही. आम्ही बाजारात मराठी बोलतो, पण दुखलंखुपलं की गोरबोलीवर येतो. डॉक्टर पडले पुण्याकडचे. म्हातारी सांगणार, काळीज उडून गेलं, आणि ते बिचारे तिला ईसीजीला पाठवणार. मग काका कोणी न बोलावता पेशंटच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसला, तो बसलाच.

डॉक्टर यायच्या दिवशी हा इस्त्रीचा शर्ट घालून, गालातला खर्रा फाटकाबाहेर थुंकून, त्यांच्याही आधी हजर. त्याचं भाषांतर म्हणजे भलताच कारभार. बाई पोटभर बोलणार आणि काका सांगणार, डोकं दुखते म्हणते. दुसरी नुसतं 'हूं' म्हणाली की तिच्या सासूपासून दिराच्या वाटणीपर्यंत पुराण लावणार. डॉक्टरांनी एकदा हात जोडून विचारलं, हे सगळं ती म्हणाली का? काका म्हणाला, "ते काय म्हणन साहेब? मले माहीत हाय ना."

झोप उडालेल्या एका म्हातारीला गोळी देऊ नका, वणीला दिलेल्या तिच्या पोरीला फोन लावा, म्हणून तो अडूनच बसला. लावला फोन. आमच्या बाया खूप दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात, रडता रडताच एकमेकींची खबरबात घेतात. मायलेकींनी फोनवरच सूर धरला. नर्स इंजेक्शन घेऊन धावत आली, तर काका दारात आडवा. "थांबा मॅडम, भेट चालू हाय." भेट आटोपली, म्हातारीनं डोळे पुसले आणि चहा मागितला. तेव्हापासून डॉक्टर गोळी लिहिण्याआधी काकाकडे बघायला लागले. मग काय, काकाचे पाय जमिनीवर ठरेनात.

मागच्या उन्हाळ्यात काकी गेली. काकाची झोप गेली, जेवण गेलं, बोलणं मात्र दुप्पट झालं. भगताकडे नेलं, तर यानं भगतालाच चार गोष्टी शिकवल्या. माणूस निम्मा झाला, तेव्हा भीती वाटून मी त्याला दवाखान्यात नेलं. तर हा सवयीनं बाजूच्या खुर्चीत बसला आणि पेशंटच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून सांगायला लागला, "साहेब, पेशंटले झोप नाही. भाकर गिळत नाही. बायको गेली त्याची." मला हसू आलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "पेशंट स्वतःच्या बोलीत काय म्हणतो?"

काकाचं बोट खाली आलं. मग उठून तो पेशंटच्या खुर्चीत बसला, माझा हात धरला आणि गोरबोलीत थोडंसंच बोलला. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

"ते म्हणतात," मी सांगितलं, "घरात 'पुरे आता' म्हणणारं कोणी राहिलं नाही, म्हणून माझं बोलणं थांबतच नाही."

एवढं मराठीत आणायला मला फार वेळ लागला. डॉक्टर तोवर वाट बघत थांबले.