सेल उन्हात ठेवले तेव्हा

आता फोन काढला की हिशेब होतो. पाटबंधारे खात्यात मी नवीन होते तेव्हा आमच्या पथकाकडे खिशात मावणारा एकच कॅल्क्युलेटर होता, लाल आकड्यांचा. देवळीकडे कालव्याच्या नव्या चारीसाठी पातळी मोजताना त्याचे सेल उतरले. मग मी वजाबाकी कागदावर केली. एका शेतकऱ्याचं वावर चारीपेक्षा वीतभर उंच निघालं. त्याला पाणी मिळणार नव्हतं. तसं सांगितलं, तर तो ऐकेना.

"शेजाऱ्याचं मशीननं सांगतलं, मंग माह्यं काऊन कागदावर?"

थोडा जीव येईल म्हणून सेल तापल्या दगडावर ठेवले. पुढची कामं खोळंबली होती आणि उत्तर तर मला माहीत होतं. मी बांधावर येरझारा घालत राहिले. तो मात्र दगडापाशी बसून, भाकर शेकावी तसे सेल उलटत होता.

सेल परत घातले. उन्हात लाल आकडे दिसेनात, म्हणून त्यानंच दुपट्ट्याची सावली धरली. उत्तर तेच आलं. तो त्याकडे बघतच राहिला.

"मॅडम, अजून एक खेप दाबून पाहा ना."

घड्याळाकडे न बघता मी सगळे आकडे पुन्हा दाबले.