टर्बोची शिट्टी

दादाने बाबांच्या जुन्या टर्बो गाडीचं बॉनेट उघडलं. इंजिन खोलून नवे पिस्टन आणि मोठा टर्बो बसवायचा. मग गाडी फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर धावणार.

लहानपणी शाळा सुटल्यावर मी फाटकाशी एकटीच उभी असायचे. वळणानंतर गाडीने वेग घेतला की टर्बोची बारीक शिट्टी यायची, आणि बाबा दिसण्याआधीच मला हायसं वाटायचं.

"शिट्टी राहील ना रे?"

"मोठा टर्बो आहे गं. आवाज बदलणारच."

मी नुसतं "बरं" म्हटलं. फोटो काढून ठेवता येतात. काही आवाज मात्र वापरात असेपर्यंतच आपले असतात.

तिथेच खुर्चीत बसलेल्या बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "खोलायच्या आधी एक चक्कर मारू या," म्हणत त्यांनी किल्ली मागितली.

मी मागच्या सीटवर जाऊन बसले आणि काच पूर्ण खाली केली.