टायमर लावलेला कॅमेरा

अण्णा गेल्याचं वैनींनी फोनवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाल्या, "वन्सं, या. पण पुढच्या खोलीतल्या कॅमेऱ्याला धक्का लावू नका हं. आमचा फोटो निघायचाय अजून." मारतहळ्ळीहून चामराजपेटला पोचेपर्यंत ऑटोत मला रडूच आलं नाही. त्या वाक्याचाच विचार करत बसले...

पोचले तर खरंच. खोलीच्या मधोमध स्टँडवर अण्णाचा जुना जपानी कॅमेरा, भाता पुढे ओढलेला, आणि समोर वेताच्या दोन खुर्च्या. मोबाइलमध्ये दोघांचे पुष्कळ फोटो होते, पण या कॅमेऱ्यात अण्णा कधीच नव्हता. जन्मभर त्याच्या मागेच उभा. म्हणून त्या दिवशी दुपारी वैनींनी हट्ट धरला. अण्णाने टायमर लावला, लगबगीने येऊन शेजारी बसला, आणि टायमर किर्र करून मध्येच थांबला. "तेल वाळलंय आत. स्वल्प पडतो गं, उठल्यावर बघतो," म्हणाला, आणि उठलाच नाही.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. होसकोटेला कारखान्यात होता. तिथला एक जपानी साहेब मायदेशी परतताना हा कॅमेरा त्याला देऊन गेला. मिटला की जाड पोथीएवढा, कळ दाबली की झाकण उघडून चामड्याचा भाता बाहेर. एका रिळात बाराच फोटो, म्हणून अण्णा ते प्रसादासारखे वाटायचा. बारसं असो, लग्न असो, आम्हाला ओळीने उभं करायचा. "हलू नका. श्वास नंतर घ्या!" आणि मला वेगळं, "सुमे, तुझी जीभ हलली तरी फोटो हलतो." मी म्हणायची, "मग कुलूप आण!" त्याच्या सगळ्या फोटोंत मी ओठ मिटून रागावल्यासारखी दिसते, ते यामुळे.

तेरा दिवस माणसं त्या कॅमेऱ्याला वळसा घालून येत-जात होती. त्याचा डोळा बंद होता, तरी समोरून जाताना मी पदर सावरायची. भावकीतलं कुणी म्हणालं, "मिटून ठेवा की तो." वैनी म्हणाल्या, "यांनी लावलाय, हेच काढतील." रोज दुपारी त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसायच्या, ताठ, समोर बघत. शेजारच्या खुर्चीत कुणाला बसू द्यायच्या नाहीत. खरं सांगते, मला वैनींचीच भीती वाटायला लागली होती.

मग एका दुपारी... यंदा आमच्या बेंगळुरात ऊन तरी कसलं होतं! खिडकीतलं ऊन सरकत सरकत कॅमेऱ्यावर आलं. मी दाराशी भाजी निवडत होते. आणि खोलीत आपोआप किर्रर्र सुरू झालं. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. वैनींनी श्वास धरला. खट्. मग त्या सावकाश शेजारच्या खुर्चीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "झालं हो."

उन्हाने आतलं तेल पातळ झालं असणार, दुसरं काय! पण हे मला फार उशिरा सुचलं.

फोटोत रिकामी खुर्ची दिसेल आणि वैनी कोलमडतील, म्हणून रीळ धुवायला देणं मी लांबवत राहिले. शेवटी आमच्या इमारतीतल्या नागपूरच्या मुलीला दिलं. आयटीत आहे, हौसेने घरीच रिळं धुते. फोटो हातात देताना ती म्हणाली, "काकू, एकाच फ्रेमवर दोन फोटो पडलेत. मध्ये रीळ फिरवायचं राहिलं असेल."

वैनींना विचारलं, तर म्हणाल्या, "त्या दिवशी आधी मी यांचा एकट्यांचा काढला होता, माझी खुर्ची रिकामी ठेवून. हे म्हणाले, तू दाब, मी दाबली. नंतर काही फिरवायचं असतं, हे मला कुठं ठाऊक!" अण्णाला वाटलं, तिनं फिरवलं. जुन्या कॅमेऱ्याला तेवढी अक्कल नसते. रीळ पुढे सरकवलं नाही, तर त्याच जागी तो दुसरा फोटो घेतो.

तो फोटो आता वैनींच्या उशाशी असतो. दोघं शेजारी बसलेत. अण्णाच्या छातीतून मागच्या खुर्चीचा वेत दिसतो. वैनींच्याही दिसतो. दोघं सारखीच विरळ. यातलं कोण गेलं, हे परक्याला सांगता यायचं नाही.

परवा फोटो बघत बसले होते, तेवढ्यात वैनी कॉफी घेऊन आल्या. पेला घ्यायचा सोडून मी त्यांचं मनगटच धरलं.

"आहे हो मी अजून," वैनी हसून म्हणाल्या. "घ्या, निवते."