दाजींची झाकणं आणि नानांचा कुत्रा

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, की दसऱ्याला घरात गाड्या धुवायला काढल्या की मी काहीतरी निमित्त काढून बाजारात जायचो. आता टाळून मिळवायचं काही उरलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. धुळ्याचं कॉलेज संपवून, नोकरीची वाट पाहत मी भडगावला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहत होतो. दाजी तिथे शिक्षक. त्यांची मोटारसायकल जुनी, पण इंजिनाच्या दोन्ही बाजूंची अ‍ॅल्युमिनियमची झाकणं ते अशी चमकवायचे, की सकाळी तिथेच उकिडवे बसून भांग पाडत. आरशात आपण सुकलेले दिसतो, झाकणात भरदार दिसतो, असं त्यांचं म्हणणं. रोज संध्याकाळी शेजारच्या नानांना मागे बसवून ते गिरणेच्या पुलापर्यंत चक्कर मारत. दोघांना दुसरा दोस्त नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दाजी तापाने आडवे झाले. मला म्हणाले, "झाकणांना नुसतं पॉलिश लाव आणि फडक्याने पूस. डोकं लावू नकोस."

मी डोकं लावलं. अक्का पितळी तांबे केळीच्या खांबाच्या राखेने घासायची आणि ते सोन्यासारखे दिसत. पितळेला चालतं ते अ‍ॅल्युमिनियमला का नाही? मी राखेचा घट्ट लेप केला, दोन्ही झाकणांवर थापला, वरून ओलं गोणपाट गुंडाळलं आणि जेवून झोपलो. दुपारी गोणपाट सोडलं तर झाकणं तव्याच्या बुडासारखी काळी. घासली तसे माझे हातही काळे झाले.

तेवढ्यात दाजी पांघरूण घेऊनच बाहेर आले आणि सवयीने वाकले.

"माझी मिशी कुठे गेली?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नानांचा कुत्रा मुतला, दाजी."

"दोन्ही बाजूंना?"

"इकडून झालं, मग वळसा घालून तिकडून."

आरडाओरडा ऐकून नाना धावत आले. "भाऊ, त्याले तीनच पाय शेतस! तो बसीसन मुतस. बठ्ठा गावले माहीत शे."

"म्हणजे माझा मेहुणा खोटं बोलतो?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्रा शेपटी हलवत होता.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. संध्याकाळी दाजी मागची सीट रिकामी ठेवून पुलावर जायचे. नाना त्याच रस्त्याने पायी निघायचे, आणि त्यांच्याजवळून जाताना दाजी उगाच हॉर्न दाबायचे. मी झाकणं इंजिनावरून खोलून काढली. आधी जाड पॉलिशपेपरने काळं खरवडलं, मग बारीक पेपर पाण्यात भिजवून घासला, शेवटी जुन्या धोतराच्या चिंधीवर पॉलिश घेऊन बोटं सुजेपर्यंत चोळत बसलो. मिशी परत आली. नाना काही आले नाहीत. पुढे ते मुलाकडे साक्रीला राहायला गेले.

बऱ्याच वर्षांनी, मला नोकरी लागल्यावर, एकदा साक्रीला गेलो. बसमध्ये सगळं वाक्य पाठ केलं होतं. नाना ओट्यावर बसले होते. कुत्रा कधीच गेला होता. मी घसा साफ केला, पण तेच आधी बोलले.

"भाऊले सांगजो, मनंच चुकनं. एखादा टाइमले उभा राहिनाबी व्हई."

कुत्रा एखाद्या वेळी उभा राहिलाही असेल, असं म्हणून चूक त्यांनी स्वतःवरच घेतली. मी चहा प्यायलो आणि तोच निरोप घेऊन दाजींकडे परत आलो.

निरोप ऐकून दाजींनी गाडीला किक मारली ती थेट साक्रीपर्यंत. त्यानंतर दर दसऱ्याला नाना भडगावला येत. झाकणाजवळ दोघं वाकून आपापला भांग पाडत, आणि तीन पायांवर दोन्ही बाजू कशा साधल्या असतील ते दाजी अंगणभर एक पाय उचलून करून दाखवत. सगळे हसत. मी तिथे असलो की मीही हसायचो. नाना मात्र हसता हसता जरा खाली बघायचे, आणि तेवढंच माझ्या लक्षात राहिलंय.

आता दोघंही नाहीत. पाठ केलेलं वाक्य अजून तसंच आहे: नाना, राख माझी होती. तुमचा कुत्रा बसूनच मुतायचा. मला माफ करा.