अर्फाचे दोन फोल्डर

तव्यावर तांदळाची तिसरी भाकरी पडली आणि दार वाजलं. अर्फाचे हात पिठात, म्हणून सासूच उठली. झुबेदानं कडी काढली, तर दारात गोमटेश सर.

सांगलीतल्या ज्या ऑफिसचं काम अर्फा चार वर्षं कोयनानगरात घरी बसून करत होती, त्याचे ते मालक. रोज पडद्यावर दिसणारा माणूस पहाटे सांगली सोडून इथवर येतो, तो काही खुशाली विचारायला येत नाही.

"आवं सायेब, आत या की. च्या टाकते," झुबेदा म्हणाली.

"नको मावशी. लॅपटॉप न्यायला आलोय. आणि ही एक सही हवी होती."

अर्फानं हात न पुसताच कागद घेतला. 'कामाची पद्धत नीट न समजल्यामुळे माझ्या हातून फाइली पुसल्या गेल्या.' खाली तिचं पूर्ण नाव छापलेलं. तिसरी भाकरी करपली, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

ऑफिसचं ॲप द्राक्षबागायतदारांसाठी होतं. पानावरचा डाग कसला, औषध कधी मारायचं, हा सल्ला मराठीत लिहायचं काम अर्फाचं. पाटणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली ती. सगळ्यांचं काम एका सामाईक जागी ठेवलेलं असे. ज्यानं त्यानं तिथली प्रत उतरवून घ्यायची, बदल करायचे, परत चढवायचे. प्रत्येक बदलावर करणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आपोआप पडायची. पण त्या साठ्यात पानांचे हजारो फोटो. कोयनेच्या नेटवर अख्खी प्रत उतरवायला अर्फानं तीन दिवस घालवले, दर वेळी निम्म्यात तुटायची. शेवटी तिनं स्वतःच वाचून वाचून शोधून काढलं, की लागेल तेवढाच भाग उतरवता येतो. तिला मजकूर आणि सूचना, एवढे दोनच फोल्डर पुरत होते. बाकीचं तिथंच राहणार, आणि चुकूनही तिचा हात लागणार नाही.

झुबेदाला तिनं समजावलं होतं, "अम्मी, चहाला आपण अख्खी मांडणी उतरवतो का? चहाचा न् साखरेचा डबा काढायचा, बाकीचे जागच्या जागी."

"मग त्याला कालिज कशाला लागतंय?" झुबेदा म्हणाली होती. पण शेजारणीला तिनं ते डब्यांचं दोनदा सांगितलं. आणि गोमटेश सर मीटिंगमध्ये अकरा जणांसमोर म्हणाले होते, "याला म्हणतात डोकं."

मागच्या आठवड्यात जयराज मित्रांबरोबर धरण बघायला आला. सरांच्या भागीदाराचा मुलगा, ऑफिसातच कामाला. दोन दिवस नेट बंद होतं. "वहिनी, पेनड्राइव्हवर द्या, मी चढवतो," म्हणाला. अर्फानं आपले दोन्ही फोल्डर दिले आणि बजावलं, "भाऊ, माझ्याकडं एवढंच आहे हां. तिथल्या दोनांच्या जागी हे दोन ठेवा, बाकीच्याला हात लावू नका."

"कळतंय हो वहिनी. इंजिनिअर हाय मी."

सांगलीत जाऊन त्यानं स्वतःची प्रत रिकामी केली, हे दोन फोल्डर त्यात टाकले आणि तेच 'सगळं नवीन' म्हणून चढवलं. दोन डब्यांत जे नव्हतं ते टाकून दिलं, असा त्या साठ्यानं अर्थ घेतला. बागांवर केवडा रोग पडायचे दिवस, आणि दिवसभर ॲपमध्ये एकही फोटो नाही. तशा साठ्यातलं जुनं काही मरत नाही. दुसऱ्या सकाळी तासाभरात सगळं परत आलं. पण ज्यांच्यासाठी ॲप बनवलं, त्या कंपनीनं विचारलं, चूक कुणाची? नाव द्या.

"मी नाही पुसलं, सर," अर्फा म्हणाली.

"तुमच्याकडं दोनच फोल्डर होते, हे खरं ना? अर्धवट प्रतीवर काम केलं की असं होतं."

"तेव्हा डोकं म्हणाला होतात."

सरांनी चपलांकडं पाहिलं.

झुबेदा मधे पडली. "काय पुसलंस गं? कुणाचं पुसलंस? सायेब, पोरीची चूक पदरात घ्या. मी म्हणलंच व्हतं, भाकरी करपती हिच्यानं, आन् मशीन चालवाय निघाली. एकच सांगितलं व्हतं हिला, घरात बसून कर, पर नावाला बट्टा नको. आता कॉलनीत काय सांगू? पुन्ना ते मशीन ह्या घरात यायचं न्हाई."

चार वर्षांत अर्फाला सासूचं एवढं कधी लागलं नव्हतं. परक्या माणसापुढं हात जोडून उभी होती म्हातारी, सुनेनं न केलेल्या गुन्ह्यासाठी.

अर्फानं हात धुतले, पुसले, लॅपटॉप आणला. फोटो तिच्याकडं नव्हते, पण नोंदी सगळ्या होत्या; भाग थोडा उतरवला तरी कुणी कधी काय केलं ते दिसतंच. फोटो पुसले गेले त्या बदलाची ओळ काढून तिनं पडदा सरांकडं वळवला. सरांनी पाहिलं. चष्मा काढला, रुमालानं पुसत राहिले. बराच वेळ पुसला.

"त्याच्या वडिलांशी माझे वीस वर्षांचे संबंध आहेत, अर्फा," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला दुसरीकडं मिळेल काम."

"ह्या कागदावर?"

त्यांनी खिशातलं पेन काढून पुढं धरलं.

"काय लिवलंय त्यात?" झुबेदा मान लांब करून बघत होती. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती.

अर्फानं चार्जर गुंडाळून पिशवीत घातला. सहीची जागा कोरीच ठेवून कागद सरांच्या हातात परत दिला. लॅपटॉप मात्र उघडाच ठेवला.

"हा न्या सर. कामही न्या. सही मी करणार नाही. एक मागणं आहे. अम्मींना वाचता येत नाही. पडद्यावरच्या त्या ओळीपुढचं नाव त्यांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवा."