कर्नलीणबाईंची शिक्षा

एका वाक्यात दोन भाषा आल्या की कर्नलीणबाई हातातलं काम थांबवायच्या. भाजी निवडत असतील तर जुडी ताटात ठेवायच्या, चहा पीत असतील तर कप बशीत ठेवायच्या, आणि बोलणाऱ्याकडे नुसतं बघत राहायच्या. बोलणारा गडबडून गप्प झाला की म्हणायच्या, "एक तर हिंदी बोल, नाहीतर मराठी बोल. खिचडी मी ताटात खाते, कानात नाही." आता लखनौत वाढलेल्या मराठी पोरांच्या तोंडी खिचडीशिवाय दुसरं काय असणार? आमच्याकडे आई "सब्जी जल रही है, गॅस बंद कर ना गं" असं एका दमात म्हणायची आणि मी "हाँ आई, कर रही हूँ" म्हणायचे. त्यामुळे गणपतीत मराठी मंडळाच्या मांडवात कर्नलीणबाई दिसल्या की आम्ही सगळी पोरं खांबाआड व्हायचो.

त्यांचे यजमान सैन्यात कर्नल होते. निवृत्तीनंतर त्यांनी तेलीबागेत घर बांधलं आणि त्या घरात जेमतेम काही वर्षं राहून ते गेले. मुलगा पुण्याला नोकरीत. तो बोलवायचा, पण बाई गेल्या नाहीत. तोंडावर आम्ही त्यांना काकू म्हणायचो, पाठीमागे कर्नलीणबाई. त्यांना कुणाचं लाडाचं नाव चालत नसे. मला घरीदारी सगळे गुड़िया म्हणत. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "गुड़िया हे काय नाव झालं? बाहुली आहेस का तू?" तेव्हापासून मी वैदेही झाले, ती फक्त त्यांच्यापुरती.

मंडळाचा एक विद्यार्थी निधी होता. गणपतीतल्या फराळाच्या स्टॉलवर जे सुटे ते त्यात जायचं, थोडी देणगी जमायची, आणि दरवर्षी एखाद्या मुलाची विद्यापीठाची फी त्यातून भरली जायची. या निधीवर कर्नलीणबाईंचा पहारा होता. नियम त्यांनीच केलेला: मदत मागणाऱ्याने स्वतः समितीपुढे उभं राहून मागायची, आईबापांनी बाहेर बसायचं, आणि मागणं मराठीत हवं. म्हाताऱ्या बाईला पोरांना रडवायची हौस आहे, असं माझं ठाम मत होतं. आपल्यावर कधी तिथे उभं राहायची पाळी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

पप्पा हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही सरोजिनी नगरला स्थायिक झालो. साठवलेलं बरंचसं गावच्या घरात आणि आजोबांच्या आजारपणात गेलं होतं. पप्पा कानपूर रोडवरच्या एका गोदामात सुरक्षेचं काम बघत. मला विद्यापीठात इंजिनिअरिंगला जागा मिळाली त्याच महिन्यात ते गोदाम बंद पडलं. सोमवारी संध्याकाळी फी भरायचं पोर्टल बंद होणार होतं. त्यानंतर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

मदतीचे रस्ते नव्हते असं नाही. उलट इतके होते की सुरुवातीला आम्हाला हायसंच वाटलं. राज्याची शिष्यवृत्ती होती, तिला इथला निवासाचा दाखला हवा. पप्पांची सगळी नोकरी बदल्यांत गेलेली, कागद कुठले कुठले. तहसिलीतला बाबू म्हणाला, "आप लोग तो महाराष्ट्र के हैं, वहीं से लीजिए." तिकडे चौकशी केली तर कळलं, कॉलेज उत्तर प्रदेशातलं, म्हणून तिकडचीही मिळणार नाही. माजी सैनिकांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती होती, ती प्रवेश झाल्याची पावती जोडल्यावर. विद्यापीठाची फीमाफी पहिल्या सत्राच्या निकालानंतर. बँकेतल्या मॅनेजरसाहेबांनी चहा पाजला, शैक्षणिक कर्ज नक्की होईल म्हणाले, फक्त मंजुरीला काही आठवडे लागतील. सगळी मदत आत जाऊन बसलेल्यांसाठी होती. दारात उभं असलेल्यासाठी कुणाकडे काही नव्हतं. पप्पा रोज फाइल घेऊन निघायचे आणि संध्याकाळी ती टीव्हीवर ठेवून जेवायला बसायचे. मला त्या सगळ्या खिडक्यांचा इतका संताप यायचा की फाइल उचलून नाल्यात भिरकावावीशी वाटायची.

शेवटी आईच म्हणाली, "कर्नलीणबाईंकडे जा." त्यांनी दारातच ऐकून घेतलं. म्हणाल्या, "रविवारी सकाळी समिती इथे माझ्या घरीच बसते. मागायला ये. आणि मराठीत मागायला ये." मी म्हटलं, "काकू, थोडी हिंदी मिक्स झाली तर..." त्यांनी नुसतं बघितलं.

आईने मला चार वाक्यं पाठ करून दिली. भात शिजत असताना, कपडे वाळत घालताना, झोपायला जाताना मी ती म्हणत होते. रविवारी त्यांच्या व्हरांड्यात पप्पा आणि आई वेताच्या खुर्च्यांवर अगदी कडेला टेकून बसले आणि मी आत गेले. टेबलाशी तिघं होते. रेल्वेत मोठे इंजिनिअर असलेले मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार काका आणि कर्नलीणबाई. पाठ केलेलं सगळं उडून गेलं. डोक्यात शाळेतली हिंदी होती आणि तोंडातून मराठी काढायची होती.

मी म्हटलं, "मला शिक्षेसाठी मदत पाहिजे."

खजिनदार काकांना हसू फुटलं. "शिक्षेसाठी? अगं, शिक्षा तर सरकार फुकट देतं! जेवणखाण धरून!" अध्यक्षही हसायला लागले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हे मला माहीत होतं हो. पण माहीत असणं वेगळं आणि त्या टेबलासमोर आठवणं वेगळं. मी सावरायला गेले आणि आणखी बुडाले. "संधी मिळाली तर मी खूप चेष्टा करीन," मी म्हटलं. मला म्हणायचं होतं, प्रयत्न करीन; हिंदीत चेष्टा म्हणजे तेच. आता मात्र अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पुढच्या वर्षी बघू हं, बाळ," ते हसता हसताच म्हणाले. "आधी थोडी मराठी शीक." आणि त्यांनी पुढच्या मुलाच्या नावाकडे बोट नेलं.

पुढचं वर्ष नव्हतंच. मला उद्याची संध्याकाळ होती. व्हरांड्यातून आईची बांगडी वाजल्याचं ऐकू आलं. आतल्या हसण्याने तिला बिचारीला वाटलं असेल, सगळं छान चाललंय.

"हसून झालं?" कर्नलीणबाईंनी विचारलं. त्यांनी आवाज चढवला नव्हता. "हिला काय हवंय ते तुम्हाला कळलं नाही का?"

"कळलं हो, पण..."

"कळलं ना? मग उत्तर द्या. मंजूर किंवा नामंजूर. हसणं हे उत्तर नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुन्हा माग. हिंदीत माग."

मला वाटलं माझी परीक्षा चालली आहे. त्या म्हणाल्या, "ऐकू आलं ना? हिंदीत. सरळ उभी राहा."

मग मी हिंदीत बोलले. पप्पांचं काम, बंद झालेलं गोदाम, प्रत्येक खिडकीवर मिळालेलं उत्तर, सोमवार. कुठेही अडखळले नाही. माझा राग त्यात होता, तो लपवायचंही मला सुचलं नाही. खजिनदार काका हळू आवाजात म्हणाले, "बाई, मराठीचा नियम तुमचाच आहे."

"माझाच आहे. पोरांचं कुणी हसण्यावारी नेऊ नये म्हणून केला होता. तुम्ही त्याचाच उपयोग हसायला करताय, तर मी तो मोडते." आणि अध्यक्षांकडे बघत त्या थांबल्या. अध्यक्षांनी चष्मा चढवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंजूर."

तिथेही संपलं नाही. सोमवारी खजिनदार काका मोबाइलवरून फी भरायला बसले तर विद्यापीठाचं पोर्टल गोल गोल फिरत राहायचं आणि व्यवहार अयशस्वी दाखवायचं. कर्नलीणबाई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या. "पुन्हा करा." काकांनी पुन्हा केलं. "पुन्हा करा." ऊन उतरलं तरी त्या बसल्या नाहीत. पावती आली तेव्हा काका टेबलावर डोकं टेकून बसले आणि पप्पा पहिल्यांदाच सगळ्यांसमोर रडले. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि मला सांगितलं, "फी मंडळाने दिली, व्याज मी घेणार. दर रविवारी येऊन माझ्याशी तासभर मराठी बोलायचं."

सुरुवातीला ते व्याज मला जड गेलं. पण मी जात राहिले. मेथी निवडता निवडता त्या मला वाक्यं सुधारून द्यायच्या. एकदा धीर करून मी विचारलं, "काकू, त्या दिवशी तुम्ही हसलात कशा नाही?" त्यांनी जुडी ताटात ठेवली. मी चरकले, वाटलं माझ्याकडून काही चुकलं. पण चूक नव्हती.

"मी जबलपूरची," त्या म्हणाल्या. "घरी मराठी, बाहेर सगळं हिंदी. अगदी तुझ्यासारखं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि लग्न झालं. सासर साताऱ्याकडचं. हे सीमेवर, पत्रातून काय विचारणार? एकदा सगळे जेवायला बसले होते, तेव्हा धीर करून मामंजींना म्हटलं, माझी शिक्षा बाकी आहे, ती मला पूर्ण करायची आहे. सगळी पंगत हसायला लागली. मामंजी म्हणाले, होईल हो, तुमच्या सासूबाई कशासाठी आहेत? मग आणखी हसले. मीसुद्धा हसले."

"मग?"

"मग काय? नाही कुणीच म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. त्या हसण्यातच माझं मागणं जिरून गेलं. पुढे मी मराठी अशी घासूनपुसून घेतली की सासरचेच माझ्याकडून पत्रं लिहून घ्यायचे. पण पुन्हा मागायचा धीर झाला नाही."

मी म्हटलं, आता करा, मुक्त विद्यापीठं आहेत, मी नाव घालते. त्यांनी जुडी उचलली. "आता या वयात कोण मागायला जातंय," म्हणाल्या, आणि माझ्या आधीच्या वाक्यातली एक चूक काढली.

मी इंजिनिअर झाले, इथेच नोकरीला लागले, मंडळाच्या समितीवरही मला घेतलं. माझ्या रविवारांना मात्र खाडे पडू लागले. अशातच त्यांना पक्षाघाताचा झटका आल्याचं कळलं. मुलगा पुण्याहून आला होता, त्यांना कायमचं घेऊन जायला. मी तेलीबागेला पोचले तेव्हा सामान बांधलेलं होतं आणि बाई खिडकीशी खुर्चीत होत्या. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईची मराठी गेली हो. डॉक्टर म्हणतात असं होतं कधी कधी. दोन-चार वाक्यं बोलते, तीही हिंदी. एकच काहीतरी सारखं सांगते."

इतक्या कष्टाने कमावलेली भाषा अशी निघून जावी, याचं मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्यापुढे बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं की नाही कळलं नाही. मग अगदी अदबीने, एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, "मेरी शिक्षा बाकी है."

मुलगा केविलवाणा हसला. "हेच ते. आई, कसली शिक्षा? तुला कोण शिक्षा करणार आहे?"

त्यांनी त्याच्या हसण्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "काकू, फिर से माँगिए. हिंदी में ही माँगिए."

बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता. मग त्यांनी मान वर केली.

"मुझे पढ़ना है," त्या म्हणाल्या.

"मंजूर," मी म्हटलं. हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, आणि तो त्यांना कळला.