लांब फोटोची कातरणं

लांब फोटो जोडायच्या टेबलाखाली कातरणं पडतात. सकाळी झाडून टाकली तरी संध्याकाळी तेवढीच. स्टुडिओतल्या गोष्टींचंही तसंच आहे. एक सांगायला बसलं की तिला चिकटून दुसरी येते. शेजारच्या बाया म्हणतात, सातवी शिकली आहेस, तर लिहून काढ. म्हणून बसले.

यवतमाळात आमचे हे एका स्टुडिओत फोटोग्राफर. स्टुडिओ मालकाचा, कॅमेरा मालकाचा, मागची खोली मालकाची, आणि त्या खोलीत आम्ही. लांब फोटो म्हणजे एका जागी स्टँड रोवायचा, कॅमेरा थोडा थोडा फिरवत तीन-चार फोटो काढायचे आणि नंतर कडेला कड लावून त्यांचा एक करायचा. फिरवायचं काम ह्यांचं. जोडायचं माझं. ब्लेडनं कड कापायची, मागून काचकागदानं घासून पातळ करायची, मैद्याच्या लईनं, म्हणजे खळीनं, पुठ्ठ्यावर बसवायची आणि सांधा दिसू नये म्हणून शिसपेन्सिलीनं मारून टाकायचा. मालक म्हणत, "बाई घरीच असते, बसल्या बसल्या करते."

एक गोष्ट आधीच सांगते. आमचा थोरला आठ महिन्यांचा असताना गेला. त्याचा एकही फोटो नाही. फोटोवाल्याचा मुलगा, पण ज्या काचांवर फोटो निघतो, त्यांच्या पेटीची किल्ली मालकाकडं. "पुढच्या पेटीत काढू," म्हणाले होते. पेट्या आल्या आणि त्यात कापसाच्या जिनिंगवाल्यांचे फोटो निघाले. मग मंदा झाली. ती शिंकली तरी माझा पहिला विचार हाच, की हिचाही फोटो नाही.

* * *

पहिला लांब फोटो एका जिनिंगच्या पटांगणाचा. पहिल्या आणि दुसऱ्या फोटोच्या मधल्या वेळात एक बैलगाडी पुढं सरकली, म्हणून तीच गाडी दोन ठिकाणी आली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण जिनिंगचा सेठ खूश. "राहू द्या. गाड्या जास्त दिसतात."

हे दुसऱ्या जिनिंगवाल्याच्या कानावर गेलं. त्यानं आपल्या गाडीवानाला हुकूम केला, कॅमेरा फिरला की मागून गाडी पळवत आणायची आणि पुढं उभी करायची. भरल्या गाडीनं. बैलांच्या तोंडाला फेस आला. गाडीवान तीनदा फोटोत आला.

फोटो तयार होऊन जिनिंगवर आला तेव्हा हाच गाडीवान भरली गाडी घेऊन उभा होता. त्यानं फोटो नीट पाहिला आणि म्हणाला, "सेठजी, आता गाडी खाली कराले या दोघायले पाठवा. मी बसतो."

सेठ हसला नाही. गाडी त्यालाच खाली करावी लागली.

* * *

मालक गिऱ्हाइकांना सांगत की फोटो जोडायची मशीन मुंबईहून आणली आहे. बाई जोडते म्हटलं तर भाव कमी होतो म्हणे.

एकदा एक ठेकेदार अडून बसला. "मशीन दाखवा, मगच ऑर्डर." मालक म्हणाले, ती अंधाऱ्या खोलीत आहे, उजेड चालत नाही. तेवढ्यात पडद्यामागं मंदा रडायला लागली. माझ्या हाताला लई, तिला घेता येईना.

ठेकेदार म्हणाला, "हे काय?"

मालक म्हणाले, "मशीन गरम झाली. आता आज चालणार नाही."

ठेकेदारानं मान डोलावली आणि ऑर्डर दिली. मी पदरात तोंड खुपसून बसले. हे म्हणाले, "हासून राह्यली का रडून राह्यली?" मला तरी कुठं ठाऊक होतं.

* * *

लईला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विष. वाटी मी नेहमी उंचावर ठेवायची. एक दिवस सांधा मारताना खाली राहिली. वळून पाहते तर मंदाची बोटं वाटीत आणि तोंड निळं-पांढरं.

मी तशीच तिला उचलून अनवाणी डॉक्टरकडं पळाले. हे मागून धावले. डॉक्टरांनी ओकवलं आणि म्हणाले, थोडक्यात निभावलं. परत आलो तर मालक दारातच उभे.

"काय झालं?"

ह्यांनी सांगितलं.

"अन् फोटो? त्याच्यावर तर नाही ना सांडलं?"

त्या आठवड्यात मी मंदाला माझ्या मायकडं नेऊन ठेवलं. दूध तुटलं, छाती दुखायची, पण तिथं विष तरी नव्हतं.

* * *

माझी माय बोरी अरबच्या अलीकडच्या एका गावात राहते, आमच्या वस्तीत. आम्ही बौद्ध झालो तेव्हापासून वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा आहे. त्याच गावच्या पाटलाची ऑर्डर आली. टेकडीवरून सगळं गाव पाहिजे. एका टोकाला पाटलाची माडी, दुसऱ्या टोकाला त्यांची अमराई.

मधात आमची वस्ती.

मी एसटीवाल्याच्या हाती मायला निरोप धाडला, जावई टेकडीवर कॅमेरा लावणार आहेत. मायनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि मंदाला कडेवर घेऊन सकाळपासून अंगणात उभी राहिली. शेजारीण म्हणाली, "काहून वं, उन्हात उभी? तुले बाधलं काय?" माय म्हणाली, "माह्या नातीचा फोटो निंगून राह्यला."

फोटो छापून आले. मी भिंग लावलं. झेंड्याच्या डाव्या हाताला आमचं घर, अंगणात तुरीच्या डाळीएवढी माय, आणि तिच्या कडेवर मंदा. तिनं मान हलवली होती, म्हणून तोंड पुसट. पण मंदाच.

पाटील फोटो पाहायला आले. बोट ठेवून म्हणाले, "थे मधातलं काढून टाका. माडीले अमराई जोडून द्या. सोयऱ्यायले दाखवाचं हाय."

मालक म्हणाले, "मशीनला त्यात काय कठीण?"

रात्री ह्यांनी ब्लेड नवं काढून दिलं. खोली मालकाची, आणि पाऊस तोंडावर आलेला. मी कापलं. गावामागच्या दुसऱ्या टेकडीची रेघ जुळेपर्यंत अमराई सरकवत आणली आणि सांधा मारला. कुठं गाव संपतं आणि कुठं अमराई लागते, मलाही ओळखू येईना. पाटलांनी पाठीवर थाप मारली. मालकाच्या.

कातरण मी ठेवलं. काही दिवसांनी मालकानं जुन्या फोटोंच्या काचा धुऊन फ्रेमवाल्याला विकल्या, त्यातली एक फुटकी काच ह्यांनी मला आणून दिली. ती कोणत्या फोटोची, ते मी विचारलं नाही. तिच्यामागं कातरण लावलं आणि मंदाच्या रिकाम्या पाळण्यावर टांगलं. आमच्या घरातला पहिला फोटो.

* * *

मंदा चालायला लागली, मी तिला घरी आणलं, आणि निवडणूक आली. पाटील उभे राहिले. एक दिवस तोच लांब फोटो काखेत मारून स्टुडिओत हजर.

"थे मधातलं परत बसवून द्या," ते म्हणाले. "उद्या जिल्ह्याचे मोठे लोकं जेवाले येऊन राह्यले. वस्तीतले चार जणंही बलावले. सारं गाव एक हाय, असं दिसाले पाह्यजे."

मालक म्हणाले, "पाटील, त्याच्या काचा तर धुतल्या. पुन्हा फोटो काढावा लागेल."

"उद्या पाह्यजे म्हणतो मी."

मालक पडद्याजवळ आले, आणि आवाज एकदम गोड. "बाई, त्या गावाचं कातरण तू ठेवलं होतंस ना? दे बरं. बसवून टाक."

मंदा पाळण्यावरच्या त्या फोटोखाली उभी राहून "आजी, आजी" करत होती. मी तिला उचललं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. पडद्यापलीकडून पाटलांचा आवाज आला, "काय झालं? होते का नाई?"

मालक म्हणाले, "बाई?"

मी पाटलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मालक, मशीन गरम झाली. आता आज नाई चालत."